पुन्हा एकदा कळवण्यात येते की

दर गुरुवारी चार वाजता फोन थरथरतो.
मिस ओर्लाचं पत्र.
रास अल खैमाच्या उघड्या डोंगरांखाली
आयर्लंडच्या एक बाई मला नम्रपणे कळवतात
की मोज्यांवर नाव शिवलेलं असावं.

मी वाचते उभ्यानंच, हात पदराला पुसत.
उवांची तपासणी सोमवारी.
एकच सँडल सापडला आहे, डावा, निळा.
ऊन फार झाल्यास मधली सुट्टी आतच.
सतरा मार्चला हिरवं काहीतरी घालून या.
मागच्या वर्षी निहिरानं माझ्या चुड्यातल्या दोन बांगड्या
कोपराच्या वर चढवल्या, तिथेच बसत होत्या म्हणून;
पुढच्या गुरुवारी लगेच:
काचेचे दागिने नकोत.

आणि सगळ्यांत खाली, तांबड्या अक्षरांत,
वर्षभर तेच:
आमची शाळा शेंगदाणामुक्त आहे.

शेंगदाणामुक्त!
मी बार्शीची.
आमच्याकडे कूट नसलेल्या भाजीला उघडी म्हणतात.
माझा हात त्या बरणीकडे आपोआप जातो,
अंधारात दिव्याच्या बटणाकडे जावा तसा.
तरी शिकले. खोबरं घातलं, तीळ घातले,
मग तिळांचंही पत्र आलं.
भट्टीवरून रात्रपाळी करून आलेला नवरा
बूट काढता काढता म्हणाला,
आता नुसतं मीठ. तेही विचारून घे.

त्या मंगळवारी धुकं होतं.
बस उशिरा येणार म्हणाले, आणि आली वेळेवर.
धावपळीत काकडीची कोशिंबीर डब्यात गेली.
दहा वाजता ओटा पुसताना
बरणीचं झाकण बाजूला पडलेलं दिसलं.

पत्रात कधी नाव नसतं. 'दुसरीतील एक मूल' एवढंच.
पण निहिरा झोपताना सांगते ना मला:
रुबाच्या दप्तरात एक पेन असतं, लिहायचं नसलेलं,
मांडीत टोचायचं.
रुबा हिच्याच बाकावरची.
दोघींत एक खोडरबर, दातांनी अर्धा केलेला.

दातांनी.

फोन लागेना. लागला तेव्हा इंग्रजी येईना.
इथे अकरा वर्षं बोलते आहे,
आणि कूट, कूट एवढंच म्हणत राहिले.
पलीकडून मिस ओर्ला, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं:
तिनं फाटकातच डबा आमच्याकडे दिला.
बसमध्ये वास आला म्हणे.
म्हणाली, आज आईच्या लक्षात राहिलं नाही.
आता माझ्या टेबलाशी बसून माझा टोस्ट खाते आहे.
लोणी बरंच लागतं तिला.

मी तिथेच फरशीवर बसले. फडकं हातात.

संध्याकाळी विचारलं, कुणी रागावलं का?
नाही. हात धुवायला लावले. दोनदा.
मग थोडं थांबून,
आई, टोस्ट बरा होता,
पण त्यात काहीच नव्हतं गं.

बरणी टाकली नाही. वर ठेवली आहे,
स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचू नये अशी.
एकादशी सुट्टीच्या दिवशी आली तरच खिचडी,
आणि नंतर सगळ्यांनी चूळ भरायची,
नवऱ्यानंसुद्धा.

गुरुवारी चार वाजता.
मोजे. उवा. निळा सँडल अजून तिथेच.
आणि खाली, तांबड्यात:
काही पालकांना पुन्हा एकदा कळवण्यात येते की

काही पालक.
कान तापले माझे. मान वर केली.
समोरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
वाळत घातलेल्या गणवेशाच्या मागे
एक बाई फोन वाचत उभी होती,
ओठ हलत होते तिचे.
वाचून झालं तशी तीही घाईनं आत गेली,
स्वयंपाकघराकडेच असावी.